आठ दिवसांचा आवाज

“सर, ऑपरेशन पुढच्या मंगळवारी करू. आठ दिवस आहेत. कोणाकोणाशी बोलायचंय ते बोलून घ्या.”

डॉक्टर हे अगदी साधेपणानं म्हणाले. नांदेडच्या त्या दवाखान्यात बाहेर माणसं ताटकळत बसली होती आणि आत मी आणि माझी पत्नी रूथ. टेबलावर बायोप्सीचा रिपोर्ट होता. बायोप्सी म्हणजे गाठीचा बारीकसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. रिपोर्टवर ‘स्क्वामस सेल कार्सिनोमा’ असं लिहिलं होतं, म्हणजे आतल्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर. जागा लॅरिंक्स. आपलं स्वरयंत्र.

मग त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं. हेच चित्र मी वीसेक वर्षं फळ्यावर काढत आलो होतो. नीटच्या मुलांना जीवशास्त्र शिकवणं हा माझा पेशा. डॉक्टरांचं चित्र माझ्यापेक्षा वाईट आहे, असं मनात आलं. अशा वेळी हे मनात यावं याची लाज वाटली.

आजार कूर्चेपर्यंत गेला होता, त्यामुळे नुसत्या रेडिएशननं भागणार नव्हतं. टोटल लॅरिंजेक्टॉमी करायची होती. म्हणजे स्वरयंत्र पूर्ण काढायचं आणि श्वासनलिकेचं तोंड गळ्याच्या पुढच्या बाजूला कायमचं उघडायचं. त्या छिद्राला स्टोमा म्हणतात. पुढं सगळा श्वास तिथूनच. आवाज त्या दिवसापासून बंद.

“तंबाखू, सिगारेट?” डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

“रोज चार,” रूथ म्हणाली. “परीक्षेच्या दिवसांत सहा. कपडे मी धुते, डॉक्टर.”

डॉक्टरांनी ‘नाही’ खोडून आकडा लिहिला. हा प्रसंग सांगायची गरज नव्हती, पण सांगतो. पुढं जे लिहायचंय ते याच ‘नाही’चं थोरलं भावंड आहे.

सुरुवात कशी झाली तेही सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरात आत्ता कोणाचा तरी आवाज बसलेला असेल. माझा दिवाळीनंतर बसला. क्लासवाल्यांचे आवाज बसतातच. ज्येष्ठमध चघळला, माईकचा आवाज वाढवला, शिकवत राहिलो. चार महिने असेच गेले. मग गिळताना डावा कान ठणकायला लागला. कान म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा आत घालून घसा बघितला. याला लॅरिंगोस्कोपी म्हणतात. डावा स्वरतंतू हलतच नव्हता. त्यांनी लगेच सीटी स्कॅन लिहून दिला. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला तर थांबू नका. मी थांबलो.

आता माझ्याविषयी. माझे वडील जळकोटच्या बाजूला ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, प्रचारक होते. मी लातूरला वसतिगृहात राहून शिकलो, तिथंच क्लासमध्ये शिकवायला लागलो. लातूरला तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. पुढं नांदेडला क्लासेसची लाट आली तेव्हा मी इकडं आलो. मुलं मला पाठीमागं ‘कॉन्फिडन्स सर’ म्हणायची. दर बॅचच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘आत्मविश्वास’ लिहून तासभर बोलायचो. आईबापही मागं उभे राहून ऐकायचे. बोलणं हे माझं सगळं भांडवल. स्वतःबद्दल मात्र मी कधी बोललो नाही. एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट म्हणजे भूकंपाची साक्ष. आमच्या मंडळीत उपासनेत साक्षीची वेळ असते. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते माणूस उभं राहून सांगतो. दर वर्षी भूकंपाच्या दिवसाजवळच्या रविवारी मी उभा राहायचो. विशीतला मी, मंडळीच्या तरुण संघाबरोबर किल्लारीच्या पलीकडच्या एका गावात मदतीला गेलो, देवानं मला धैर्य दिलं, आणि माझ्या या हातांनी सहा वर्षांची सुमन ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. लोक रडायचे. “आमेन” म्हणायचे.

डॉक्टरांकडून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी मुलाचा पुण्याहून फोन आला. “पप्पा, तुमचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. ती किल्लारीची साक्ष तर नक्कीच. पुढं पोरांना ऐकवू.”

दुपारी जेवणाच्या टेबलावर फोन उभा करून मी सुरुवात केली. आवाज घोगरा होता, पण निघत होता. वाक्यं पाठ होती. गावात शिरलो, पाऊस होता, दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची छपरं, माळवदं, खाली आली होती. मुलगी दाराच्या आडव्या लाकडाखाली सापडली. मी तिला उचललं. ती म्हणाली...

पुढं बोलता येईना. साक्षीत ती काहीच म्हणत नसे. खरं तर ती म्हणाली होती.

रूथ स्वयंपाकघरातून आली. “पाणी देऊ?”

मी फोन बंद केला आणि तिला सांगितलं. तिला सांगितलं तेच इथं लिहितो.

आमच्या टोळीचं काम असं होतं. एकेका घरापाशी जायचं, हाका मारायच्या, कान लावून ऐकायचं. कोणी नसेल तर उरलेल्या भिंतीवर चुन्यानं फुली मारायची. फुली दिसली की लष्कराचे जवान ते घर सोडून पुढच्या घराकडे जात. माणसं थोडी, घरं शेकड्यानं. चुन्याचा डबा माझ्या हातात होता.

सुमनला काढलं तेव्हा ती मातीनं पांढरी झाली होती. माझ्या खांद्यावरून मागं हात करून ती म्हणाली, “आई आत हाय. आई वाजवून राहिली.”

मी ऐकलं. आतून, भिंतीपलीकडून, धातूचा आवाज येत होता. तांब्या दगडावर मारावा तसा. तीनदा. मग शांत. मग परत तीनदा.

तेवढ्यात जमीन हलली. धक्का छोटा होता, पण शेजारची अर्धी भिंत सरकन खाली बसली. मी मुलीला घेऊन पळत रस्त्यावर आलो. आमच्या टोळीचे थोरले समोरच होते. “आत कोणी?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “न्हाई.”

आणि परत जाऊन, लांबूनच हात पुढं करून, फुली मारली.

तिसऱ्या दिवशी सुमनच्या आईला बाहेर काढलं. ती कधी गेली असेल ते कोणीच सांगू शकत नाही. मी त्या फुलीनंतर आत गेलो असतो, जवानांना बोलावलं असतं, तर ती वाचलीच असती असंही कोणी सांगू शकत नाही. या ‘सांगता येत नाही’च्या आडोशाला मी पंचवीस वर्षं बसलो.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, मला लातूरच्या मंडळीसमोर उभं केलं. “बोल बाबा, देवानं काय केलं?” मी अर्धीच गोष्ट सांगितली. माझ्यासारख्या मुखदुर्बळ पोराकडे सगळी मंडळी श्वास रोखून बघत होती. आपण बोललो की माणसं ऐकतात, हे मला त्या दिवशी कळलं. माझा आत्मविश्वास तिथं जन्माला आला. तो कशावर उभा होता ते तुम्हाला आता माहीत आहे.

रूथनं टेबलावरची पाण्याची गोल खूण बोटानं पुसली. मग म्हणाली, “लग्न झाल्यापासून दर वर्षी मी शेजारी बसून ऐकतेय. दर वर्षी ‘आमेन’ म्हणतेय.” आणि विचारलं, “सुमनला माहीत आहे?”

सुमनला माहीत नव्हतं. ती मावशीकडे वाढली. पुढं मी तिला लातूरला माझ्या क्लासमध्ये घेतलं, अकरावी-बारावी फी न घेता शिकवलं, डी.एड.ला लावलं. आता ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दर राखीला तिची राखी यायची. तिनं मला जेवढं मानलं तेवढं कोणीच मानलं नाही. प्रार्थनेला बसलो की मी मनातल्या मनात सुमनला पुढं करायचो. बघ प्रभू, हिला शिकवलं. बघ, ही उभी राहिली. देवासमोर ती माझं शिफारसपत्र होती.

शुक्रवारी आम्ही लातूरमार्गे औशाच्या पुढं तिच्या गावी गेलो. भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव, सरळ गल्ल्या, सारखी घरं. गाडीतून उतरताना रूथ म्हणाली, “रडू नका. तुम्ही रडलात तर ती तुम्हालाच समजावत बसंल.”

माझ्या आजाराचं सुमनला फोनवर कळलं होतं. ती दारातच रडली, मग चहा ठेवला. तिचा नवरा शेतातून आला, हात पुसत बसला. मी घोगऱ्या आवाजात सगळं सांगितलं. थांबलो असतो तर परत सुरू झालो नसतो, म्हणून थांबलो नाही.

सुमन माझ्याकडे बघतच नव्हती. ती भिंतीकडे बघत म्हणाली, “म्हणजे वाजत होतं.”

“हो.”

“मी सांगत होते सगळ्यांना, आई वाजवून राहिली म्हणून. मावशी म्हणायची, डोक्याला मार लागला व्हता तुझ्या, भास झाला. आई झोपेतच गेली म्हणायचे सगळे. मला वाटायचं, मीच येडी.” मग ती माझ्याकडे वळली. “तुम्ही मला दोन वर्षं शिकवलं सर. रोज दिसत व्हते मी तुम्हाला.”

ती उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. चहा तसाच राहिला. तिचा नवरा चपलेशी चाळा करत होता. शेवटी म्हणाला, “सर, आता निघा तुम्ही. ती न्हाई येणार बाहेर.” तो रागानं बोलला नाही. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

मी काय अपेक्षा करून गेलो होतो? खरं सांगायचं तर, ती माफ करेल आणि मी हलका होऊन ऑपरेशनला जाईन, अशी. कबुलीतही मी काहीतरी मिळवायलाच गेलो होतो. हे परतीच्या रस्त्यात लक्षात आलं.

रविवारी नांदेडच्या आमच्या मंडळीत साक्षीच्या वेळी पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. आवाज जाण्याआधी सरांची साक्ष ऐकू या, त्यांचं धैर्य आपल्याला मिळो, असं काहीसं म्हणाले. मी उभा राहिलो आणि राहिलेली अर्धी गोष्ट सांगितली. सहा-सात वाक्यांत झाली. कोणी ‘आमेन’ म्हणालं नाही. बाहेर चपला घालताना, दर वर्षी पदरानं डोळे पुसणाऱ्या एक आजी मला म्हणाल्या, “मग सर, आम्ही एवढी वर्षं रडत व्हतो ते कशापायी?” पाळकसाहेबांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली तेव्हा यादीत माझं नाव घेतलं होतं. आजवर ती यादी वाचताना मी इतरांसाठी डोळे मिटायचो.

सोमवारी भरती झालो. हे ऑपरेशन ज्यांचं व्हायचं असतं त्यांना जुना पेशंट भेटवतात, ही डॉक्टरांची पद्धत चांगली आहे. माझ्याकडे रज्जाकभाई आले. हिमायतनगरचे शिंपी, दोन वर्षांपूर्वी त्यांचं हेच ऑपरेशन झालेलं. गळ्यापुढं पांढऱ्या मलमलीची पट्टी, स्वतः शिवलेली. त्यांच्या गळ्यात एक छोटी झडप बसवली आहे. स्टोमावर बोट दाबलं की त्यांना थोडं बोलता येतं, खरखरीत, पण कळतं. सगळ्यांनाच ती बसत नाही.

“पहले तो भाभीजी खूश,” ते रूथला म्हणाले. “भांडणात आता तुमचंच चालणार. माझं बोट छिद्रापाशी जाईस्तोवर बीवी चार गोष्टी सुनावून मोकळी.” रूथ आठवड्यात पहिल्यांदा हसली.

मग मला म्हणाले, “चमचा जवळ ठेवा. इस्टीलचा. हात हलवला तर कोणी बघत न्हाई. वाजवलं की बघतात.”

मी त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो. त्यांना वाटलं मी घाबरलो.

“भीती वाटते? वाटू द्या. मला लोक म्हणायचे, भरोसा ठेव, हिंमत ठेव. सर, टेबलावर गेल्यावर ना हिंमत कामाची ना अजून काही. तिथं आपला काहीच उपयोग नसतो. तरी उठून बसलो बघा.”

त्यांनी खिशातून तशीच एक पट्टी काढून माझ्या उशीवर ठेवली. माप न घेता शिवली होती. बरोबर बसली.

‘तिथं आपला काहीच उपयोग नसतो’ या वाक्यानं मी रात्रभर जागा राहिलो असं लिहिणार नाही. गोळी दिली होती, झोप लागली. पण मंगळवारी ट्रॉलीवर झोपल्यावर ते वाक्य परत आलं. देवासमोर पुढं करायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. सुमन दार लोटून आत गेली होती. साक्ष मोडली होती. आवाज तासाभरात जाणार होता. ‘कृपा’ हा शब्द मी लहानपणापासून हजारो वेळा उच्चारला. काहीही हातात नसलेल्या माणसासाठी तो आहे, हे तोवर मला शिकवता आलं असतं, पण माहीत नव्हतं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “सर, कसं वाटतंय?”

मी म्हणालो, “भीती वाटतेय.”

कॉन्फिडन्स सरांच्या आवाजातले ते शेवटचे शब्द. इतकं खरं वाक्य मी क्वचितच बोललो असेन.

पुढचे दिवस नळ्यांचे. नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब, तिच्यातून दूध, डाळीचं पाणी. गळ्याच्या दोन्ही बाजूंना जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळ्या. सक्शन, म्हणजे स्टोमात बारीक नळी घालून कफ ओढून घेणं. पहिल्यांदा तो प्रकार जीवघेणा वाटतो, नंतर त्याचीच वाट बघतो आपण. हसलो तरी आवाज नाही, खोकलो की खोकला गळ्यातून बाहेर. वास येत नाही. तोंडाची फुंकर गेली, चहा निवू द्यावा लागतो. हे सगळं आधी माहीत असलेलं बरं. रूथनं मुलांची लिहायची पांढरी पाटी आणली आणि डब्यातला चमचा दोरीनं कॉटच्या दांडीला बांधला.

सातव्या दिवशी दुपारी, भेटीच्या वेळी, सुमन आली. एकटी. रूथ औषधं आणायला खाली गेली होती. सुमन स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर ठेवून. माझ्या गळ्याकडे बघितलं, नजर वळवली, परत बघितलं.

“कितीदा वाजलं?” तिनं विचारलं.

मी पाटीवर लिहिलं: तीनदा. मग थांबून परत तीनदा.

तिनं पाटी हातात घेतली आणि बराच वेळ वाचत राहिली. वाचायला एवढं नव्हतं. मग म्हणाली, “माफ केलं म्हणायला आले न्हाई मी. ते मला जमत न्हाई सर. पुढचंही सांगत न्हाई. मला तेवढंच पाहिजे व्हतं.” पाटी माझ्या पोटावर ठेवली आणि उठली. लातूरची गाडी पकडायची होती.

ती वॉर्डाच्या दारापाशी पोचली असेल. मला खोकला आला आणि कफाचा गोळा श्वासनलिकेत अडकला. श्वास आत जाईना. हाक मारायला तोंड उघडलं, सवयीनं, आणि आवाज नाही. सिस्टर पलीकडच्या टोकाला पाठमोऱ्या. मी हात हलवला. कोणी बघितलं नाही. मग चमचा सापडला आणि मी तो दांडीवर मारला. कितीदा मारला ते माझ्या ध्यानात नाही.

सुमन पाठमोरी थांबली. मग वळली. कॉटकडे न येता ती सरळ सिस्टरकडे धावली, आणि तिचा आवाज सगळ्या वॉर्डनं ऐकला.

“सिस्टर, लवकर चला. सर वाजवून राहिले.”

सक्शन झालं. श्वास आला. डोळे उघडले तेव्हा ती कॉटच्या दांडीला धरून उभी होती, आणि आमच्या दोघांमध्ये तो चमचा दोरीला हलत होता. तिनं हातानं तो थांबवला. मग तिची गाडी होती, ती गेली. त्या वर्षी राखी आली नाही.

रेडिएशन संपून आता बराच काळ झाला. झडप मला बसली नाही. जिना चढताना दम लागतो. क्लास दुसरे चालवतात. डॉक्टर, सिस्टर, रज्जाकभाई, रूथ, यांचे आभार मानून होत नाहीत. भीती गेलेली नाही. पण पहिल्यासारखा कशाच्या तरी मागं लपून मी देवासमोर बसत नाही.

भूकंपाच्या दिवसाजवळच्या रविवारी पाळकसाहेब अजून माझ्याकडे बघतात. मी उभा राहतो. माझी साक्ष आता पाटीवर मावते, आणि ती रूथ वाचून दाखवते:

तिच्या आईनं वाजवलं, मी गेलो नाही. मी वाजवलं, ती आली.